‘एक चमचा’ म्हणजे किती?

रात्रीचे साडेदहा. सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात सव्वा वर्षाच्या बाळाला घेऊन आई आणि आजी आल्या आहेत. सोबत सातवीतला मोठा मुलगा. बाळाला सकाळपासून ताप, दुपारनंतर उलट्या. ड्युटीवरचे डॉक्टर नेहमीचा प्रश्न विचारतात, ‘‘ताई, घरी काय औषध दिलं?’’

‘‘तापाचं पातळ औषध. एक-एक चमचा, तीन वेळा.’’

‘‘कोणत्या चमच्याने?’’

‘‘घरातल्याच,’’ आजी मध्येच सांगतात. ‘‘आमच्याकडे त्याच चमच्याने सगळ्यांना देतो.’’

‘‘बाटली आणली आहे का?’’

बाटली आणलेली नसते. बहुतेक वेळा नसतेच. मग तो सातवीतला मुलगा शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी जातो आणि अर्ध्या तासात बाटली आणि चमचा दोन्ही घेऊन येतो. चमचा पोहे खायचा. डॉक्टर सुई नसलेल्या सिरिंजने त्यात पाणी भरतात. काठोकाठ भरल्यावर त्यात ८ मिलिलिटर मावते. बाटली निघते त्याच मुलाच्या तापासाठी मागच्या महिन्यात आणलेली. लेबलवर लिहिलेले असते, दर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल.

आता हिशेब करू. बाळाचे वजन १० किलो. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस साधारणपणे दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे या बाळाला १५० मिलिग्रॅम. या बाटलीतून तो ३ मिलिलिटरमध्ये मिळाला असता. मिळाले ८ मिलिलिटर, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. तीन वेळचे झाले १२०० मिलिग्रॅम. अख्ख्या दिवसाची मर्यादा दर किलोमागे ६० मिलिग्रॅम धरली तर या बाळासाठी ती ६०० मिलिग्रॅम होते. बाळाला संध्याकाळपर्यंत त्याच्या दुप्पट औषध गेले होते, आणि रात्रीचा चमचा अजून बाकी होता.

या घरात निष्काळजीपणा कुणीच केलेला नाही. औषध योग्य, वेळा योग्य, आईचे लक्ष पूर्ण. चुकले ते फक्त एकक. ‘चमचा’ हा शब्द आईने एका अर्थाने वापरला, आजीने दुसऱ्या, आणि औषध बनवणाऱ्याने तिसऱ्याच.

गंमत अशी, की हे सगळे त्या मुलाच्या पुस्तकात आहे. सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘भौतिक राशींचे मापन’ नावाचा धडा आहे. लांबी, वस्तुमान, काळ, त्यांची एकके, प्रमाणित मापाची गरज असे सगळे त्यात येते. मुले तो पाठ करतात, ‘एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण कापला’ अशी कुरकुर करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. एककासाठी कापलेला तो अर्धा गुण बऱ्याच पालकांनाही छळवाद वाटतो. बालरुग्ण विभागात एक रात्र काढली तर मत बदलेल.

संख्या एकटी काहीच सांगत नाही. ‘बाळाला पाच दिले’ हे वाक्य अपुरे आहे. पाच काय? पाच थेंब, पाच मिलिलिटर, पाच मिलिग्रॅम? मापन म्हणजे संख्या आणि एकक यांची जोडी. त्यातले एकक असे हवे, की जे या घरात आणि त्या घरात, लातुरात आणि लंडनमध्ये, आज आणि पन्नास वर्षांनी सारखेच राहील. घरातला चमचा या परीक्षेत साफ नापास होतो. ग्रीसमधल्या संशोधकांनी अथेन्सच्या परिसरातील २५ घरांतून ७१ लहान चमचे गोळा करून मोजले होते. सर्वांत लहान चमच्यात २.५ मिलिलिटर मावले आणि सर्वांत मोठ्यात ७.३. म्हणजे दोन्ही ‘एक चमचा’च, पण एकात दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट औषध. आपल्याकडे तर चहाचा, पोह्याचा, आमटीचा, लोणच्याचा असे चमच्यांचे पंथच आहेत. शिवाय कुणी चमचा काठापर्यंत भरतो, तर कुणी सांडू नये म्हणून पाऊण.

आपल्या आजी-पणजीच्या काळी मापे नव्हती असे नाही. मापे भरपूर होती, हीच अडचण होती. धान्याला निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली. सोन्याला गुंज, मासा, तोळा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, हे कोष्टक तोंडपाठ असलेली माणसे अजून भेटतात. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते, आणि बाजारात याचा फायदा कोण घेत असे हे सांगायला नको. बाळगुटीचे मापही लक्षात घेण्यासारखे आहे. सहाणेवर हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन वेढे. मोजण्याची इच्छा आणि शिस्त त्यात दिसते. पण वेढा कुणाच्या हाताचा, सहाण खरखरीत की झिजून गुळगुळीत झालेली, हात किती दाबला, यावर उगाळून किती निघाले ते ठरणार. एकक आहे, पण ते उगाळणाऱ्याच्या मनगटात आहे.

देशाने यावर १९५६ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम-मीटरची दशमान वजनमापे बाजारात आली. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले होते. रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर पैसे झाले. लोकांची तारांबळ उडाली, पण दोन पिढ्यांत सगळे अंगवळणी पडले. आज वाण्याच्या तराजूवर आणि वजनांवर सरकारी शिक्का असतो, आणि तो ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो. अर्धा किलो साखर घेताना आपण काट्याकडे डोळे लावून उभे असतो. त्याच घरात तापाचे औषध मात्र शिक्का नसलेल्या चमच्याने देतो.

जुनी एककेही चिवट असतात. प्रौढांची पॅरासिटामॉलची गोळी ६५० मिलिग्रॅमची का, ६०० किंवा ७०० ची का नाही? तर ब्रिटिश औषधशास्त्रात ‘ग्रेन’ नावाचे माप होते, मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेले, म्हणजे आपल्या गुंजेचा चुलतभाऊच. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. दहा ग्रेनचे झाले ६४८, ते गोल करून ६५०. पाच ग्रेनची ३२५ ची गोळीही त्यातलीच. ग्रेन गेला, पण त्याचे भूत अजून पाकिटावर बसलेले आहे.

आता पातळ औषधाकडे परत येऊ, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. मिलिग्रॅम हे वस्तुमानाचे एकक, मिलिलिटर हे आकारमानाचे. औषधाचा परिणाम ठरतो मिलिग्रॅमवर, आणि हातात येते ते मिलिलिटर. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे लेबलवरचा बारीक मजकूर, ‘दर ५ मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम’. तो दुवा प्रत्येक बाटलीवर वेगळा असतो. लहान मुलांचे पॅरासिटामॉल कुठे ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, कुठे २५०. आणि तान्ह्या बाळांसाठीचे ड्रॉप्स असतात त्यात एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकते. सर्वांत लहान बाळासाठीची बाटली सर्वांत तीव्र, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. कारण साधे आहे. तान्हे बाळ एका वेळी फार पातळ औषध गिळू शकत नाही, म्हणून थोड्या थेंबांत जास्त औषध बसवलेले असते.

आता तेच १० किलोचे बाळ घेऊन पाहा. १५० मिलिग्रॅमसाठी १२५ च्या सिरपमधून ६ मिलिलिटर द्यायचे, २५० च्या सिरपमधून ३, आणि १०० च्या ड्रॉप्समधून फक्त दीड. एखाद्या आईच्या डोक्यात ‘आमच्या बाळाला सहा मिली’ एवढेच पक्के बसले असेल आणि दुकानातून या खेपेला ड्रॉप्सची बाटली आली, तर सहा मिलीत ६०० मिलिग्रॅम जातील. दिवसभराची मर्यादा एका घोटात. अमेरिकेत याच कारणाने २०११ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे लहान मुलांचे पातळ पॅरासिटामॉल एकाच तीव्रतेचे करायला सुरुवात झाली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितले, की पातळ औषधाचा डोस चमच्यात नव्हे, फक्त मिलिलिटरमध्ये लिहावा. चमच्याच्या भाषेत डोस सांगितलेल्या पालकांकडून मोजण्यात दुप्पट चुका होतात, असे त्याआधी एका अभ्यासात दिसले होते. तेव्हा चमच्याचा घोळ फक्त आपल्याकडचा आणि अशिक्षितांचा, असे समजण्याचे कारण नाही.

शिकलेल्या, तरबेज माणसांचे काय होते त्याचे उदाहरण विमानवाहतुकीत आहे. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन वाटेतच, आकाशात संपले. विमानाला इंधन किलोमध्ये हवे होते, टाकीत भरले जात होते लिटरमध्ये. लिटरचे किलो करताना गुणायला जो आकडा घेतला तो किलोचा नव्हता, पौंडाचा होता. त्यामुळे गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. वैमानिकाने बंद इंजिनांचे ते विमान तरंगत नेऊन गिमली गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे ६९ जण वाचले. लिटर आणि किलो यांच्यातला दुवा चुकला, एवढीच ती गोष्ट. मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांच्यातला दुवा चुकणे ही तिचीच घरगुती आवृत्ती.

जुलाबाच्या दिवसांत हीच चूक उलट्या बाजूने होते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, छोटे २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावर ते लिहिलेले असते. पण बाळ लिटरभर कुठे पिणार, असा विचार करून मोठे पाकीट पेलाभर पाण्यात टाकले जाते. मग ते पाणी इतके खारट होते, की जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर चढू शकते. झटके येऊ शकतात. याउलट ‘एक तांब्या’ म्हणून दोन लिटरच्या तांब्यात एक पाकीट टाकले तर ते पाणी पाण्यासारखेच राहते, आणि शरीरातून गेलेले क्षार भरून निघत नाहीत. तांब्या, पेला, फुलपात्र ही भांडी आहेत, एकके नव्हेत. घरात पाण्याची एक लिटरची बाटली असतेच. तिने मोजून पाणी घ्यावे, त्यात अख्खे पाकीट घालावे आणि २४ तासांत न संपलेले ओतून द्यावे.

मधुमेह असलेल्या घरांत वेगळेच एकक वावरते, ‘युनिट’. हे वजनही नाही आणि आकारमानही नाही. इन्सुलिनचा शोध लागला तेव्हा शुद्ध इन्सुलिन वजन करून देता येत नव्हते, म्हणून ते परिणामावरून मोजले गेले. उपाशी ठेवलेल्या सशाची रक्तातली साखर ठरावीक पातळीपर्यंत खाली आणणारी मात्रा, अशी ती सुरुवातीची व्याख्या. त्यामुळे एका औषधाच्या युनिटचा दुसऱ्या औषधाच्या युनिटशी काहीही संबंध नसतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी ऐकायला अवाढव्य वाटते. प्रत्यक्षात त्यात फक्त दीड मिलिग्रॅम जीवनसत्त्व असते. पण तीच आठवड्याची पुडी कुणी रोज घेऊ लागले, तर काही आठवड्यांत रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकते.

इन्सुलिनच्या बाबतीत आपल्या देशात आणखी एक खाचखळगा आहे. इथे मिळणाऱ्या बहुतेक साध्या कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, आणि पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची बहुधा लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. सिरिंजवर मिलिलिटरच्या नव्हे, थेट युनिटच्या रेघा असतात, आणि त्या त्याच तीव्रतेच्या इन्सुलिनसाठी खऱ्या असतात. कार्ट्रिजमधले १०० चे इन्सुलिन काटकसर म्हणून लाल टोपणाच्या सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत ओढले, तर आत आलेले असते अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. रुग्ण शपथेवर सांगेल की वीसच घेतले, आणि रेघेकडे पाहिले तर तो खोटे बोलत नसेल. उलट केले, ४० ची कुपी नारिंगी सिरिंजने ओढली, तर वीसच्या जागी आठच युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध महिनाभर चालतो.

साखरेच्या आकड्यांचे एक हलकेफुलके प्रकरणही सांगायला हवे. मुलाकडे लंडनला गेलेल्या आईने तिथल्या ग्लुकोमीटरवर बोट टोचले आणि पडद्यावर आले ‘६’. इकडे तिची साखर १०८-११० असायची. घरात पळापळ, आईला साखर खाऊ घातली गेली. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल प्रतिलिटरमध्ये मोजतात, आपण मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो. सहाचे झाले १०८. आईची साखर ठणठणीत होती, निदान ती चमचाभर साखर खाईपर्यंत.

लिहिण्यातही एककांचा जीव जातो. इंग्रजीत युनिटसाठी नुसते ‘यू’ लिहिले तर घाईच्या अक्षरात ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. अर्ध्यासाठी ‘.५’ असे लिहिले आणि टिंब फिके उमटले, तर पाच वाचले जाते. म्हणून ‘०.५’ लिहायचे. आपल्याकडे यात दोन लिप्यांची भर आहे. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की जुळे भाऊ वाटतात. चिठ्ठी वाचता येत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारण्यात कसलाही संकोच नको. लाज वाटायची तर ती लिहिणाऱ्याला वाटावी.

आणि मोजणे हे हातातले कौशल्यही आहे. मापक टोपणात औषध ओतल्यावर ते डोळ्यांच्या पातळीला, सपाट जागी ठेवून पाहायचे असते. वरून वाकून पाहिले तर रेघ आणि पातळी यांची जागा चुकते. शाळेत मोजपात्रातल्या पाण्याची वक्र पातळी खालच्या टोकाला वाचायला शिकवतात, ती इथेही तशीच वाचायची. अंगणवाडीताईंना हे सगळे सवयीने माहीत असते. वजनकाटा आधी शून्यावर आहे की नाही ते पाहायचे, बाळाचे जाड कपडे उतरवायचे, दोन वर्षांखालच्या मुलाची उंची आडवे झोपवून घ्यायची. तेच मूल उभे केले तर सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते. दंडघेर मोजायच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल रंग सुरू होतो, म्हणजे तीव्र कुपोषण. तिथे पट्टी सैल किंवा घट्ट धरल्याने दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला, तर एखादे मूल उपचाराच्या यादीत येते किंवा यादीबाहेर राहते.

त्या रात्रीच्या बाळाला दाखल करून घेतले. पॅरासिटामॉल थांबवले, यकृताच्या तपासण्या केल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्या. जादा पॅरासिटामॉलने यकृताला इजा होत असली तरी पहिल्या दिवशी मूल बरेचसे नेहमीसारखे दिसू शकते, म्हणून नुसते खेळते आहे यावर विसंबता येत नाही. तपासण्या ठीक आल्या. ताप विषाणूचा होता, तो आपोआप उतरला. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना परिचारिकेने आईला पाच मिलिलिटरची एक सिरिंज दिली, सुई काढलेली, आणि तिच्यावर ३ मिलिलिटरच्या रेघेपाशी निळ्या पेनने खूण केली. आईने विचारले, ‘‘दुसरी बाटली आणली तरी इथपर्यंतच ना?’’

परिचारिका थांबली आणि तिने सिरिंजवरची खूण स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. ‘‘नाही ताई. खूण बाटलीवर अवलंबून. नवी बाटली आणली की आधी लेबल दाखवायला या.’’ मोठा मुलगा बाटली हातात धरून लेबल वाचत उभा होता. त्याने वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला होता, १५० भागिले २५०, गुणिले ५. उत्तर ३ आले होते. डॉक्टरांनी वही पाहिली आणि ३ च्या पुढे बोट ठेवले. त्याने ‘मिलि’ लिहिले, मग खोडून ‘मिलिलिटर’ लिहिले.